चुंबकी फरशीवरचा दूधकट्टा

दगडी वेशीच्या कट्ट्यावर शालन घुगरेच्या म्हशींना हात लावायची कुणाची टाप नव्हती, आणि शालनच्या तोंडाला लागायची तर त्याहून नव्हती. दिवस कलला की तिच्या म्हशी गोठ्यातून निघायच्या, वेशीच्या कमानीखालून डुलत यायच्या आणि रस्त्याच्या कडेला आपापल्या जागी उभ्या राहायच्या. दावं नाही, खुंटी नाही. गिऱ्हाईक समोर आलं की शालन कासेला हात घालायची आणि पितळी पेल्यात फेसाळ, अंगची ऊब असलेली धार पडायची. पेला रिकामा करायचा, मिशीला लागलेला फेस पुसायचा आणि वाटेला लागायचं. कोल्हापुरात हे पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली तेव्हा आपण शाळेला काढून टाकलं, शाळेनं आपल्याला नव्हे, असं शालन आवर्जून सांगे. पण कोणत्या म्हशीची धार कोणत्या पैलवानाच्या पोटाला मानवते, हे तिनं कुणाला विचारून घेतलेलं नव्हतं.

जग मात्र बदललं होतं. पेट्रोल पंपांची मंगल कार्यालयं झाली होती. धूर गेला, फटफट गेली; गाडी पाठीमागे येऊन उभी राहिली तरी पोटरीला टेकेपर्यंत कळायचं नाही. पूर्वी ज्या पेठांत पाण्यावरून डोकी फुटायची तिथं आता गाडी कुठं लावायची यावरून फुटत होती. कारण विजेच्या गाडीला नुसती जागा पुरत नाही, तिला चाराही लागतो. जुन्या पेठेतल्या घरांना ना अंगण, ना तळघर. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायरी लोंबायच्या, लुगडी वाळत घातल्यासारख्या. एकाची वायर दुसऱ्यानं उपटली की तिसऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

ह्यावर उपाय निघाला तो फौंड्र्यांच्या उकिरड्यातून. लोखंड ओतून झालं की जळकी वाळू उरते. तिचे डोंगर वर्षानुवर्षं पडून होते. त्या वाळूत लोखंडाची भुकटी मिसळून, भट्टीत भाजून एक फरशी तयार झाली. तिच्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं. तत्त्व जुनंच. वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की भोवती चुंबकाचं क्षेत्र उठतं, आणि त्या क्षेत्रात दुसरं वेटोळं आणलं की मध्ये काही जोडलेलं नसतानाही त्यात वीज खेळू लागते. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी ह्याच नात्यातली. पण हे क्षेत्र उधळ्या माणसासारखं चारी दिशांना पांगतं. म्हणून पूर्वी गाडी अगदी बरोबर वेटोळ्यावर लावावी लागे, आणि कोल्हापुरात गाडी सरळ लावणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. नव्या फरशीनं ते पांगणारं क्षेत्र वळवून वर आणलं, पन्हाळीनं पाणी वळवावं तसं. गाडी तिरकी लावा, आडवी लावा, फरशी तिला हुडकून काढणारच.

फरशीच्या मागोमाग नियम आला. नगररचना खात्यानं शहरातल्या रस्त्यांच्या कडांचे तीन रंग ठरवले. हिरवी कड चार्जिंगची, पिवळी नुसती गाडी लावायची आणि पांढरी पूर्वापार वहिवाटीची. तिथं भाजीवाल्या बसतील, म्हशी उभ्या राहतील, गाडी येणार नाही. कुठल्या कडेला कुठला रंग हे नगरसेवक ठरवणार नव्हते, मोर्चेही ठरवणार नव्हते. सगळीकडे फरशी घालायची, दसऱ्यापासून होळीपर्यंत वीज फुकट ठेवायची आणि जिथं गाड्या येऊन वीज घेतील ती कड हिरवी करायची. "माणूस खोटं बोलतो, बॅटरी बोलत नाही," असा फलक चौकाचौकात लागला होता. ते वाक्य शालनच्या लेकीचं होतं.

तेजस्विनी तिची एकुलती. बाप गेला तेव्हा ती नववीत होती. त्यानंतर शालननं एकटीनं म्हशी सांभाळल्या आणि लेकीला इंजिनिअर केलं. आता ती नगररचना खात्यात झोन इंजिनिअर होती. "माझ्या पोरीच्या सहीशिवाय ह्या गावात चाक थांबत न्हाई," असं शालन दुधाच्या धारेबरोबर गिऱ्हाइकाला ऐकवत असे.

कट्ट्यावर फरशी घालायला माणसं आली तेव्हा शालन काठी घेऊन आडवी उभी राहिली.

"माझ्या म्हशीच्या खुराला करंट बसला तर तुमच्या सायबाला गोठ्यात बांधतो मी."

तेजस्विनीच धावत आली. तिनं फरशीच्या एका तुकड्यावर स्टीलचा गडवा ठेवला. "हात लाव आई. तापलाय?"

"न्हाई."

"तापणारही नाही. फरशी झोपलेली असते. झोपेतच ती सारखी हळूच हाक मारते, वर कोण आहे म्हणून. गाडीखालचं वेटोळं ओ देतं, तेव्हाच ती जागी होते. म्हैस ओ देणार नाही."

"माझी म्हैस माझ्याबिगर कुणालाच ओ देत न्हाई," शालन म्हणाली आणि काठी खाली घेतली. गर्दी हसली. लेकीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. इंजिनिअर लेक शेणानं भरलेल्या खांद्यावर हात ठेवते, हे पेठेनं बघितलं आणि पेठेनं बघितलं हे शालननं बघितलं.

दगडी वेशीची पेठ गाफील नव्हती. तालमीचा अध्यक्ष संताजी चौगले, एकेकाळी पेठेच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, त्यानं सगळ्यांना तालमीत गोळा केलं. बेलभंडारा उचलून शपथ झाली: कट्ट्याच्या कडेला कुणीही गाडी लावायची नाही. आपण लावली नाही की फरशी उपाशी मरेल, कड पांढरी राहील आणि म्हशी उभ्या राहतील. भंडारा कपाळाला लावून सगळे पांगले. शपथ पाळलीही गेली. पावसापाण्यात लोकांनी वेशीबाहेर लांब गाड्या लावल्या, भिजत घरी आले, पण कट्ट्यावर रात्री एक चाक दिसलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर तेजस्विनी जेवताना म्हणाली, "आई, एक सांगू? रिकामी कड बघून काय कळणार? उद्या साहेब म्हणतील, गाड्या नाहीत, पण दूध प्यायला तरी कोण येतंय? कट्टा जिवंत दिसला पाहिजे."

"मग काय करू? नाचू?"

"पाडव्यापासून पहिला पेला फुकट पाज. लांबून माणसं येऊ देत."

शालननं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "फुकट? माझी सासू मरताना डॉक्टरला फुकट पाजली न्हाई."

"कट्ट्यासाठी, आई. थोडे दिवस."

लेक शिकलेली. लेकीला आतलं माहीत. शालननं आयुष्यात कुणाचा सल्ला घेतला नव्हता. हा घेतला, आणि घेताना तिला जरा बरंही वाटलं. म्हातारपणी अक्कल उसनी घ्यायला घरातलंच माणूस आहे, यासारखं सुख नाही.

पाडव्याला कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, कवड्यांच्या माळा घालायच्या आणि फटफटीच्या मागे म्हैस सोडायची. मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून ती चौखूर धावते. आता गाड्या मुक्या झाल्यामुळे पोरं जुन्या फटफटीचा आवाज स्पीकरवर लावायची. शालनची मैना स्पीकरकडे ढुंकून बघत नसे. शालन संताजीच्या गाडीवर मागे बसली, वळून एकच हाळी दिली, आणि ती धिप्पाड काळी म्हैस भर रस्त्यातून अशी सुटली की मंत्र्याच्या ताफ्यानं बाजू दिली. वेशीत आल्यावर गुलाल उधळला आणि शालन कमरेवर हात ठेवून ओरडली, "आजपास्नं पहिला पेला शालन घुगरेच्या नावानं! या!"

आणि आले की लोक! आधी पेठेतले, मग शेजारच्या पेठांतले, फुटबॉलच्या मैदानात एकमेकांवर बाटल्या फेकणारेसुद्धा एकाच म्हशीपाशी उभे राहून पिऊ लागले. कॉलेजची पोरं आली, नव्या कॉलनीतल्या बायका आल्या, शिरोळ-कागलकडून ट्रॅक्टर आले. यायचे, गाडी कडेला घ्यायचे, पेला प्यायचे, "नाद नाही करायचा आक्काचा" म्हणायचे आणि जायचे. शालनची बोटं रात्री वळायची नाहीत. पण कुणी नगरसेवक आला नाही, पुढारी आला नाही, नुसत्या तिच्या हाकेला गाव आलं, या गोष्टीची धुंदी काही औरच होती. तेजस्विनी अधूनमधून ऑफिसातून यायची, जरा लांब उभी राहून बघायची. "आज लई गर्दी हाय का न्हाई?" शालन विचारायची. "खूप," ती म्हणायची आणि हसायची.

होळी जवळ आली होती तेव्हा एका संध्याकाळी संताजी पेला पुसत म्हणाला, "आक्का, तुझ्याकडं रोज याय लागल्यापास्नं गाडीला घरात चार्जिंग लावलो न्हाई बघ."

"का? मोडली व्हय?"

"मोडतीय कशाला? हितं थांबली की घेतीया ती घोट-घोट. एका पेल्याला कितीसा वेळ, पण रोजचं झालं की. दूध तुझं, वीज नगररचनेची. दोन्ही फुकट!"

तो आपल्याच विनोदावर हसत होता. शालनचा हात मैनेच्या सडावर होता तो तिथंच थांबला. दुधाची धार तुटली, म्हैस मान वळवून बघायला लागली.

शालनकडे कधी गाडी नव्हती. तिचं जग चार पायांचं. पण संताजीकडे होती, सगळ्या पेठेकडे होती, आणि तरी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कारण कोल्हापुरात दूध प्यायला थांबलेली गाडी ही लावलेली गाडी नसतेच. गाडी लावायची म्हणजे कुलूप घालून घरी जायचं. पानाच्या टपरीपुढे, मिसळीच्या दुकानापुढे, कट्ट्यापुढे गाडी असते ती नुसती थांबलेली. पोलिसालासुद्धा इथं कुणी "लावली नाही, थांबलोय" एवढंच सांगतं, आणि पोलीस "थांबा" म्हणतो. भंडारा उचलून शपथ घेतली ती गाडी न लावण्याची. थांबण्याचं शपथेत कुणी घातलं नव्हतं. आणि तिनं सगळ्या गावाला थांबायला बोलावलं होतं. थांबलेली कुठली नि लावलेली कुठली, हे फरशीला कुठलं कळायला!

"आक्का? काय झालं?"

"काय न्हाई. जा तू." पेला त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला तिनं. "जा म्हटलं न्हवं का!"

तेजस्विनी घरी आली तेव्हा शालन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. कडबा तसाच पडलेला, चूल थंड. लेकीनं आईचा चेहरा बघितला आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवलीच नाही.

"थांबलेली गाडी मोजत्यात?" शालननं विचारलं.

तेजस्विनी भिंतीकडे बघू लागली.

"तुला विचारतो मी. भिंतीला न्हाई."

"मोजतात."

"घोटभर पिणारी पण?"

"किती वीज घेतली ते मोजत नाहीत, आई. फरशीला कितीदा ओ आली ते मोजतात. नाहीतर एका मोठ्या गाडीनं रात्रभर वीज ओढली तर तिचं वजन शंभर स्कूटरवाल्यांपेक्षा जास्त झालं असतं. गरिबाची गाडी आणि श्रीमंताची गाडी सारखी धरावी म्हणून मीच तसं लिहिलं. पोट मोजायचं नाही, तोंडं मोजायची."

"लई चांगलं लिहिलीस. आणि कट्ट्यावर तोंडं कुणी गोळा केली?"

"आई..."

"कुणी सांगितलं मला फुकट पाज म्हणून? बोल. तुझी जीभ माझ्यावर गेलीया, आज का चिकटली टाळ्याला?"

तेजस्विनीनं श्वास घेतला. मग ती एकदम बोलायला लागली, ऑफिसात बोलावं तसं सरळ, पायऱ्या पायऱ्यांनी. दगडी वेस ही शहरातली सगळ्यात अवघड कड. इथं हिरवी झाली तर कुठेही होईल. आणखी शहरं हा नियम घ्यायला थांबली आहेत. वेशीबाहेर नवीन दूध केंद्र होणार, काचेचं, तिथं आईच्या नावाचा गाळा तिनं धरून ठेवलाय. म्हशी गावाबाहेरच्या सामाईक गोठ्यात राहतील, यंत्र धार काढेल.

"बाबा ह्याच कट्ट्यावर पडले. भर गर्दीत, म्हशीच्या पायाशी. मी शाळेतून येत होते तेव्हा. तुझे गुडघे गेलेत, बोटं वाकडी झालीत. मला तुझं तसं बघायचं नव्हतं. आणि तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"न्हाई."

"मग?"

"मग माझं न्हाई ऐकून घ्यायचं होतंस!" शालन उठली तेव्हा गोठ्यातल्या म्हशीही दचकून हलल्या. "भांडायचं होतंस माझ्याशी. दार आपटायचं होतंस. उपाशी बसायचं होतंस. लेकीनं आईशी भांडायचं असतं, ते हक्काचं असतं. तू माझ्याच हातनं माझा गळा कापलीस, आणि वर लांब उभी राहून हसलीस! मी म्हणत होतो, पोरगीला कौतुक वाटालंय."

"वाटत होतंच कौतुक."

"थू तुझ्या कौतुकावर."

तेजस्विनीनं पिशवी खाली ठेवली. मग ती हळू म्हणाली, "सुनावणी आहे. तालमीनं हरकत घेतली तर साहेब तुला विचारतील, फुकट दूध कुणाच्या सांगण्यावरून. नियमात आहे तसं. खात्यातल्या माणसानं मुद्दाम गर्दी जमवायला लावली असेल तर मोजणी रद्द होते. कड पांढरी राहते. आणि त्या माणसाची नोकरी जाते, परत कुठलं शहर त्याला घेत नाही. तू आपण होऊन केलं असशील तर मात्र मोजणी कायम."

"म्हणजे माझ्या एका शब्दावर हाय."

"हो."

"आणि हे तू मला सांगालीस? न सांगता ऱ्हायली असतीस तर?"

तेजस्विनीनं पहिल्यांदाच आईच्या डोळ्यांत बघितलं. "सांगितल्यानं काही फरक पडत नाही. तू बोलणार नाहीस, आई. शालन घुगरेला कुणी फसवलं, तेही घरातल्या पोरीनं, हे तू भर पेठेत तुझ्या तोंडानं सांगशील? मी ओळखते तुला."

पोटच्या पोरीनं आईची ताकद ओळखावी, यात नवल नाही. पण तिनं आईच्या गर्वाचं माप आधीच काढून ठेवलं होतं, घर बांधण्याआधी जमिनीची दगडमाती बघावी तसं, आणि त्यावर पाया घातला होता. शालनला रडू आलं नाही. तिला गार वाटलं. ती आत गेली आणि कडबा ओढायला लागली.

संताजीनं हरकत घेतलीच. आपण नुसते थांबलो तेही मोजणीत धरलं गेलं, हे त्याला आता कळलं होतं आणि त्याचा संताप मावत नव्हता. सुनावणी नगररचनेच्या सभागृहात होती. सगळी पेठ लोटली. झोन अधिकारी मुजावर साहेब हा सरळ, जरा थकलेला माणूस. स्वतः कट्ट्यावर दोनदा पेला पिऊन गेलेला, त्याची गाडीही मोजणीत होती.

"चौगले म्हणतात गर्दी दुधासाठी होती, विजेसाठी नाही," ते म्हणाले. "पण कारण काय हे नियम विचारत नाही, वापर झाला का एवढंच विचारतो. आता एकच मुद्दा. शालनबाई, इतकी वर्षं तुम्ही कुणाला फुकट पाजलं नाही. यंदा का? ही कल्पना कुणी दिली का तुम्हाला?"

शालन खुर्चीतून उठली. समोर पेठ बसलेली. कुणाच्या बाळंतपणात हिनं दूध पोचवलेलं, कुणाला पेला हातात देता देता पोरगी बघून दिलेली, कुणाला सगळ्यांदेखत सोललेलं. बाजूला भिंतीशी खात्याची माणसं उभी, त्यांच्यात तेजस्विनी. गळ्यात ओळखपत्र, हात मागे बांधलेले. शाळेत पाढे म्हणायला उभी राहायची तशी.

एक शब्द. "माझ्या पोरीनं." एवढं म्हटलं की म्हशी उद्याही कमानीखालून येणार होत्या.

शालननं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. पण त्याबरोबर तिला पुढचंही ऐकू आलं: संताजी हळहळून "अरे आक्का," म्हणेल ते. बायका पदरानं डोळे पुसतील ते. "बिचारी, पोटच्या पोरीनं..." ज्या पेठेनं तिला चाळीस वर्षं घाबरून मान दिला ती पेठ तिची कीव करेल. रोज संध्याकाळी, पेला पिता पिता. आणि तिकडे ती पोर गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवेल, आणि ज्या गावात जाईल तिथं लोक म्हणतील, हीच ती.

यातलं कुठलं कारण खरं, गर्व की माया, हे शालनला तेव्हाही सांगता आलं नसतं. दोन्हीचं विरजण एकातच पडलं होतं.

"कोण देणार मला कल्पना?" ती म्हणाली. आवाज ठणठणीत होता. "शालन घुगरेला शिकवणारा अजून जन्माला आला न्हाई. मीच केलो."

"नक्की?"

"सायेब, मी एकदाच बोलतो."

मुजावर साहेबांनी समोरच्या पडद्यावर बोट टेकवलं. दगडी वेशीची कड हिरवी झाली. पेठ उठली आणि तिच्याआधी बाहेर पडली.

ती बाहेर आली तेव्हा पेठ पायऱ्यांवर थांबलेली होती. तेजस्विनी तिच्या मागोमाग बाहेर आली, दोन पायऱ्या वर उभी राहिली.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "मला माहीत होतं..."

"गप." शालननं मागे वळूनही बघितलं नाही. "परक्यानं फसवलं असतं तर गावभर बोंबलत फिरलो असतो."

संताजी पुढे आला. गोल खाल्ला की मैदानात जसा उभा राहायचा तसाच, दोन्ही हात लोंबते. "आक्का, तू आपल्या मनानं केलीस?"

शालननं मान ताठ ठेवली.

"आमच्याच गाड्या आमच्याच कट्ट्यावर घातलीस? भंडारा उचललो आम्ही तुझ्यासाठी. पावसात भिजत घरला गेलो. आणि तू आम्हाला हाका मारमारून बोलावलीस? सांग की. काय मिळालं तुला?"

"केंद्रात गाळा मिळालाय म्हणत्यात," मागून एक बाई म्हणाली. "काचेचा."

उत्तरं शालनपाशी ढीगभर होती. संताजीच्या बापापासून सुरुवात करून त्या बाईच्या चुलीपर्यंत पोचता आलं असतं. पण ती बोलली नाही. तिनं तोंड मिटून घेतलं आणि वाट बघितली. भर चौकात, सगळ्यांसमोर, तिनं आपल्या बोलण्याची जागा मोकळी सोडली. आयुष्यात तिनं ती कुणाला सोडली नव्हती. दोन पायऱ्या वर उभ्या असलेल्या माणसाला ती जागा दिसत होती. एक वाक्य पुरलं असतं. मोजणी कायम झाली होती, कड हिरवी झाली होती, आणि निकालानंतर पुन्हा चौकशी होत नव्हती. आता नियमासाठी कुणी विचारत नव्हतं, नुसती पेठ विचारत होती. "तिनं नाही, मी सांगितलं होतं." बस.

रस्त्यावर एक पांढरी गाडी आवाज न करता येऊन थांबली. खात्याची होती. आतून कुणीतरी तेजस्विनीला हात केला.

"आई, मीटिंग आहे," तेजस्विनी म्हणाली. पायऱ्या उतरताना तिनं गर्दीकडे बघितलं नाही, आईकडेही बघितलं नाही, मोबाइलकडे बघितलं. दार मिटलं. गाडी गेली तीसुद्धा न वाजता.

"लेक गेली बघ निवांत," ती बाई म्हणाली.

"व्हय," शालन म्हणाली. "मीच केलो. अजून काय ऐकायचंय?"

कुणाला काही ऐकायचं नव्हतं. उन्हं उतरत आली होती, म्हशींच्या कासा भरल्या असतील. शालननं पदर कमरेला खोचला आणि ती पायऱ्या उतरू लागली. गर्दीनं तिला वाट दिली. ह्या पेठेनं तिला नेहमीच वाट दिली होती. पण आज बायकांनी लुगड्याचे काठ आवरून घेतले, तिच्या अंगाला अंग लागू नये म्हणून.